नखं लाव गं, पण आधी मुळाकडे बघ

अगं, एक्स्टेन्शनचे ढीगभर फोटो पाठवलेस मला. बदामी आकार की चौकोनी, फ्रेंच टिप की कॅट आय, साडीला कुठला रंग जाईल, सगळ्याचा खल करून झाला. पण हे सगळं ज्या जागेवर बसणार आहे तिचं नाव काही तुझ्या तोंडून निघालं नाही. नखाचं मूळ आणि त्याच्या भोवतीची कातडी! नखं महिनाभर टिकणार की आठ दिवसांत कडेने सुटायला लागणार, हे तिथेच ठरतं. रंग काय, तुझ्या हाताला कुठलाही शोभेल. तेव्हा चहा घे, बस जरा, आणि ताईचं ऐक.

आधी हात खिडकीच्या उजेडात धर. नखाच्या मुळाशी कातडीची एक घडी दिसते ना, ती जिवंत आहे. तिथे रक्त आहे, टोचलं तर दुखतं. आता बोट जरा तिरकं कर. त्या घडीच्या खालून निघून नखावर पसरलेला एक पातळ, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा दिसेल. तो मेलेला आहे. नख वाढतं तसा तो नखाला चिकटूनच पुढे सरकत येतो. खरं क्युटिकल ते. पार्लरमध्ये दोन्हींना सरसकट क्युटिकलच म्हणतात, आणि मग निपर, म्हणजे कातडी कापायचा चिमटा, जिवंत घडीवर चालतो आणि पापुद्रा राहतो जागच्या जागी.

पापुद्रा काढायचा, घडी कापायची नाही. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेव.

घडी का कापायची नाही, ते सांगते. नख आणि कातडी यांच्यामधली फट तिनेच बंद केलेली असते. ती उघडली की पाणी, साबण, जंतू सगळ्यांना आत जायला वाट मिळते. मग होतं नखुरडं. बोट लाल होतं, सुजतं, रात्रभर ठणकतं, कधी पू धरतो. जुन्या बायका लिंबात बोट खुपसून बसायला सांगायच्या. पण पू झाला असेल तर लिंबाच्या नादी न लागता डॉक्टर गाठायचा. आणि गंमत म्हणजे कापलेली घडी परत येते ती आधीपेक्षा जाड आणि खरबरीत. मग पुढच्या खेपेला आणखी कापायचा मोह होतो, आणि हे चक्र काही थांबत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. या घडीच्या खालीच नख तयार होतं. तिथे कातडी मागे सारायच्या पुशरने कचकचून दाबलं तर त्या वेळी काही दिसत नाही, पण काही आठवड्यांनी खळगा किंवा आडवी रेघ नखाबरोबर वर येते. सतत अंगठ्याची कातडी कुरतडणाऱ्यांची नखं पाहिली आहेस? मधोमध एकाखाली एक आडव्या रेघा असतात. सवय सुटली की नवं नख पुष्कळदा नीट येतं, पण वेळ लागतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे अख्खं नख बदलायला सहा महिने धर.

आता पापुद्र्याकडे येऊ. तो राहिला तर काय बिघडतं? ओल धरलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग दिला तरी पोपडे येतातच ना, तसंच हे. एक्स्टेन्शनचं जेल नखाला न चिकटता पापुद्र्याला चिकटतं, आणि पापुद्रा सुटला की त्याच्याबरोबर जेलही उचलून येतं. पहिली फट बहुधा मुळाशी किंवा कडेच्या कोपऱ्यात पडते. केस अडकायला लागले की समजायचं, सुटलं. त्या फटीत पाणी शिरतं आणि आतच राहतं. कणीक मळणं, भांडी घासणं, डोक्यावरून आंघोळ, आपले हात दिवसातून कितीदा ओले होतात बघ. अशा ओलीत स्यूडोमोनास नावाचा जिवाणू वाढला की नखावर हिरवट डाग पडतो. वरून रंग असल्यामुळे तो दिसतो एक्स्टेन्शन काढल्यावरच. आणि सुटलेल्या नखावर गोंद टाकून वेळ मारून नेऊ नकोस हं. ओल आतच कोंडली जाते.

मग करायचं काय? तारीख ठरली की आठ दिवस आधीपासून सुरुवात कर. रोज रात्री झोपताना नखाच्या मुळाशी तेलाचा एक थेंब चोळायचा. जोजोबा असेल तर उत्तम, नाहीतर घरातलं खोबरेल आहेच. कातडी मऊ झाली की आपोआप सैल पडते, पुशरला जोर लावावा लागत नाही. साल निघालं असेल तर ते दाताने ओढायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. ओढलंस की ते खालच्या जिवंत कातडीपर्यंत फाटत जातं. तेवढं सुटं टोक स्वच्छ निपरने कापायचं. निपरचा खरा उपयोग एवढाच.

आदल्या रात्री तेल बंद. त्याऐवजी क्युटिकल रिमूव्हर लाव. त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी द्रव्य. मेलेला पापुद्रा त्याने विरघळतो, पण नखही त्याच केराटिनचं बनलेलं आहे. बाटलीवर जेवढा वेळ लिहिलाय तेवढाच ठेवायचं. ‘अजून पाच मिनिटं ठेवू, जास्त निघेल’ हा हिशेब इथे चालत नाही. मग साबणाने हात खसखसून धुवायचे. त्याचा अंश नखावर राहिला तर दुसऱ्या दिवशी जेल धरत नाही.

प्रत्यक्ष लावायच्या दिवशी मात्र हात पाण्यात बुडवून बसायचं नाही. गुलाबाच्या पाकळ्या घातलेला कोमट पाण्याचा बाउल दिसायला छान असतो, पण तो साध्या मॅनिक्युअरसाठी ठीक. नख पाणी शोषून घेतं आणि थोडं फुगतं. त्या फुगलेल्या नखावर जेल बसवलं, नंतर नख सुकून आकसलं, की पकड ढिली पडते. हात धुवायचे, कोरडे करायचे, बास.

त्यानंतर पुशर. चमच्यासारखी गोल बाजू नखावर शक्य तितकी आडवी ठेवायची, टोक खुपसायचं नाही. आधी घडी हलकेच मागे सारायची. मग नखाच्या पृष्ठभागावर छोट्या छोट्या गोलात फिरवायचं. पांढरा भुसा निघायला लागेल. तोच तो पापुद्रा. भुसा यायचा थांबला की आपणही थांबायचं. दोन्ही बाजूंचे कोपरे सगळ्यात जास्त विसरले जातात, आणि सुटायला सुरुवातही तिथूनच होते. दुखलं तर समज, तू जिवंत कातडीवर पोचलीस. रक्त आलं तर त्या बोटाला त्या दिवशी काही लावायचं नाही. लग्नात नऊ बोटं रंगलेली दिसली म्हणून कोणी जेवल्याशिवाय जात नाही!

मग बफर. १८० किंवा २४० ग्रिटचा घ्यायचा. आकडा लहान तितका तो खरखरीत, म्हणून १०० ग्रिटची फाइल वर बसवलेल्या कृत्रिम नखासाठी, आपल्या नखासाठी नाही. नख पातळ करायचं नसून फक्त वरची चकाकी घालवायची आहे. कोरड्या ब्रशने भुकटी झाडून नख पुन्हा तिरकं धर. कुठे एखादा ठिपका चमकताना दिसला तर तिथे काम राहिलंय, तेवढ्याच जागी पुन्हा हात फिरव. हातच्या कांकणाला आरसा कशाला, तुझं नखच तुला सांगेल.

त्यानंतर डीहायड्रेटर. तो वरचं तेल आणि ओल घालवतो, पण त्याचा परिणाम तात्पुरता असतो. म्हणून लगेच पुढचं काम करायचं, मधे केस सावरायचे नाहीत, फोन हातात घ्यायचा नाही. जेलची पकड वाढवणारा प्राइमर अगदी नावापुरता. ॲसिडवाल्या प्राइमरमध्ये मेथॅक्रिलिक ॲसिड असतं आणि ते कातडीला भाजतं. थेंब पडलाच तर ताबडतोब धुवून टाक.

आता कान देऊन ऐक. जेल कातडीला लागता कामा नये. मुळाशी आणि कडेला केसाएवढी जागा सोडायची. ‘मुळापर्यंत भरा, वाढलेलं दिसायला नको’ असा आग्रह आपणच धरतो. पण कातडीवर आलेलं जेल एक तर तिथून उचललं जातं, आणि दुसरं म्हणजे कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर ॲलर्जी होऊ शकते. खाज, लाली, नखाभोवती बारीक फोड, कधी चक्क पापण्यांवरही पुरळ येतं. बऱ्याच जेलमध्ये हेमा नावाचं रसायन असतं आणि ते यातलं मोठं कारण आहे. युरोपीय संघाने २०२० साली नियम करून नखांच्या उत्पादनांत ते फक्त व्यावसायिकांनीच वापरावं असं ठरवलं. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते, आणि याच जातीची द्रव्यं दातांच्या फिलिंगमध्येही असतात. म्हणून ऑनलाइन स्वस्तातला किट मागवून, जेल पक्कं करायच्या कुठल्यातरी दिव्याखाली घरीच प्रयोग करायच्या आधी दहादा विचार कर. एका कंपनीचं जेल आणि दुसऱ्या कंपनीचा दिवा हे जमेलच असं नाही. वरून घट्ट दिसतं, आतून कच्चं राहतं.

तुझ्या लग्नाच्या गडबडीचंही बोलू. मेंदीनंतर नखं करायला गेलीस तर ॲसिटोन, सॅनिटायझर आणि हात धुणं यात रंग फिका पडतो, म्हणून नखं आधी. मेंदीवालीला आधीच सांग, नखांच्या कडेला कोन जपून फिरव. हळदीचं म्हणशील, तर फिक्या रंगाच्या जेलवर तिचा पिवळा डाग बसतो. शेड ठरवताना ते डोक्यात असू दे, आणि हळद लागली की नखं लगेच धू. आणि जेलच्या दिव्याखाली हात घालताना त्याच्या अतिनील किरणांपासून कातडी वाचवायला बोटांची टोकं कापलेले हातमोजे घाल. नुसतं सनस्क्रीन लावलंस तर ते नखावर जाईल.

नखं लागली की तेल परत सुरू. रोज रात्री, मुळाशी, एक थेंब. दोन-तीन आठवड्यांत मुळाशी नवं नख दिसायला लागेल, तेव्हा रिफिलला जा. काढायची असतील तर ॲसिटोनमध्ये नीट भिजवून काढून घे. टीव्ही बघता बघता उचकटून काढलीस तर जेलबरोबर नखाचे थरही निघतात, आणि मग नख कागदासारखं वाकतं. ‘नखांना श्वास घेऊ दे’ वगैरे मनावर घेऊ नकोस, नखाला प्राणवायू रक्तातून मिळतो. पण पातळ झालं असेल, दुखत असेल, तर सुट्टी द्यायचीच. आणि आईला हौस आली तर तिला आधी डॉक्टरांना विचारू दे. तिला मधुमेह आहे ना, त्यात बोटाची छोटी जखमही लवकर भरत नाही.

राहिलं पार्लर. निपर आणि पुशर कसे निर्जंतुक करता, हे सरळ विचार. ऑटोक्लेव्ह आहे म्हणाल्या तर उत्तमच. निळा दिवा लावलेल्या डब्यात ठेवतो म्हणाल्या तर ते पुरेसं नाही. ज्या मुलीने पापुद्रा काढायला दहा-पंधरा मिनिटं घेतली तिच्यावर ‘किती वेळ लावतेस’ म्हणून खेकसू नकोस. तुझे पैसे खरे तिथेच वसूल होतात. आणि कोणी बसल्या बसल्या कातडी कापायला घेतलीच, तर हात मागे घे आणि सांग, ‘कापू नका, फक्त साफ करा.’ एवढं म्हणायला लाजायचं नाही. बोटं तुझी आहेत.