तळ्यांतील गोगलगाई कशा ओळखाव्या

एकरूख तलावाच्या कांठचे शंख आम्ही वर्गांत आणतों, तेव्हां मुलें ते रंगावरून निवडूं लागतात. रंग फसवा; शेवाळानें तो पालटतो. शंखाचें टोंक वर व तोंड आपणांकडे धरावें. तोंड उजवीकडे आलें तर लिम्निया, डावीकडे आलें तर फायसा असण्याचा संभव. चकलीसारखें सपाट वेटोळें इंडोप्लॅनॉर्बिसचें. त्याचें रक्त आपल्याप्रमाणें तांबडें असतें. तोंडावर झांकण असलेल्या बेलामियाची मादी उघडली, तर आंत शंखासह तयार झालेलीं पिलें दिसतात! नराचें उजवें शिंग डाव्याहून जाड असतें.

परंतु एकाच जातीचे शंख निरनिराळ्या पाण्यांत निरनिराळे होतात. म्हणून लिम्नियाच्या जाती ठरवितांना सूक्ष्मदर्शकाखालीं जननेंद्रियें व जिभेवरील दांत पाहावे लागतात. काम कंटाळवाणें खरें.

हा खटाटोप कशासाठीं, असें पालक विचारतील. लिम्नियांत वाढलेले कृमि कांठच्या गवतावाटे गुरांच्या पोटांत जाऊन यकृतांत ठाण मांडतात. १९५२ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवीं लघवीवाटे रक्त पाडणारा कृमिरोग माणसांत आढळला, तेव्हां संशय फेरिसियावर गेला. ही गोगलगाय हरभऱ्याहून लहान. तिला वेटोळें नाहीं, नुसती टोपी. पाण्यांतील पानास ती चिकटलेली असते, आणि गोगलगाय म्हणून तिला सहसा कोणी उचलीत नाहीं.