आपली पाळी किती वाजता?

समजा, कनेरगाव नाक्याच्या शाळेचा संघ समूहनृत्य स्पर्धेसाठी हिंगोलीला गेला आहे. आरंभ 10 वाजता, प्रत्येक संघाला 5 मिनिटे, आपला क्रमांक 17 वा. आधीचे संघ 16; 16 × 5 = 80. म्हणजे पाळी 11 वाजून 20 मिनिटांनी?

नाही! एक संघ उतरून दुसरा उभा राहण्यास 2 मिनिटे धरा. 16 × 7 = 112; पाळी 11 वाजून 52 मिनिटांनी.

आता चुकांचा विचार करू. कोणी मिनिटभर लवकर आटोपतो, कोणी उशिरा. या यादृच्छिक त्रुटी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात; एकूण फरक सुमारे √16, म्हणजे 4 मिनिटे पडतो. परंतु दर संघामागे 1 मिनिट कमीच धरले असेल, तर ही पद्धतशीर त्रुटी साठत जाऊन 16 मिनिटे होते.

म्हणून घड्याळ पाहा. पाचवा संघ 10 वाजून 32 मिनिटांनी सुरू झाला, तर दर संघास सरासरी 8 मिनिटे लागली. उरलेले संघ 12; 12 × 8 = 96. पाळी 12 वाजून 8 मिनिटांनी! पुढेही असाच हिशेब सुधारत राहा. रंगभूषा केव्हा करायची, परतीची कोणती एस.टी. मिळेल, हे त्यावरूनच ठरेल.

येत्या स्नेहसंमेलनात हा प्रयोग जरूर करून पाहा.