विहिरीपासून लांब लाव

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

सिन्नरच्या बाजारात तुझा धाकटा मामा भेटला. म्हणाला, सुहासने डाळिंब उपटलं, आता विहिरीच्या काठाने नीलगिरी लावतोय. पाणी लागतच नाही म्हणे त्या झाडाला. तुझ्या या काकाच्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. डाळिंबाचं काकालाही कळतं, तेल्या रोगापुढे भल्याभल्यांनी हात टेकले. पण विहिरीचा काठ? बातमी खोटी असली तर हे पत्र चुलीत घाल. खरी असली तर शेवटपर्यंत वाच.

नीलगिरी दुष्काळात तग धरते, यात वाद नाही. प्रश्न आहे तो कशाच्या जोरावर. ‘दुष्काळाला टिकणारी’ म्हणून रोपवाटिकेत कॅमाल्डुलेन्सिस दाखवतात. ही जात मूळची ऑस्ट्रेलियात नदीकाठी उभी राहणारी, मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात पुराच्या ओलीवर पोसलेली. तिची मुळं पाण्याच्या मागावर खोल जातात. बंगळुरूजवळ होसकोट्याला इयन कॉल्डर या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह शेतातल्या नीलगिरीचं पाणी तीन वर्षं मोजलं. पाऊस झाला २१०० मिलिमीटर, झाडं प्यायली ३४००. वरचे तेराशे आले कुठून? खाली वर्षानुवर्षं मुरलेल्या ओलीतून. कोवळ्या झाडांची मुळं वर्षाला अडीच मीटरपेक्षा अधिक खोल उतरत होती. आपली विहीर सात परस. हिशेब तूच कर.

आणि ती विहीर कोणाची, हे तुला सांगावं लागतंय! बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या बापाने आणि आजोबांनी सुरुंगाची भोकं हाताने पाडली होती. काका तेव्हा कॉलेजात, सुट्टीपुरता घरी येई.

झाडाला शिव्या मात्र नकोत. शिमोग्याकडच्या उथळ जमिनीवर नीलगिरीने शेजारच्या पानझडी रानापेक्षा फारसं जास्त पाणी घेतलं नाही, हेही कॉल्डरच्याच मंडळींच्या मोजणीत दिसलं. माती किती खोल, यावर सगळं. टिपूच्या काळात, १७९० च्या सुमारास, कर्नाटकातल्या नंदीच्या टेकडीवर ही झाडं आली. त्याच कर्नाटकात २०१७ साली सरकारने नव्या लागवडीवर बंदी घातली. दोष एकट्या झाडाचा नाही, जागा न बघता लावणाऱ्यांचाही आहे.

लावणाऱ्यांत आपलं घर होतं, हे तुला अर्धवटच माहीत असेल. ऐंशीच्या दशकात विनायकदादा पाटलांनी नाशकात नीलगिरी लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली, तेव्हा काकाच्या अंगात वारं शिरलं होतं. पूर्वेचं वावर भरून झाडं लावली. पुढे सगळ्यांचाच माल एकदम तोडीला आला नि भाव बसले. तोवर काकाला नोकरी लागलेली. पेटी उचलली नि शहर गाठलं. बुडखे राहिले दादाच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या, वाट्याला. नीलगिरी तोडली म्हणजे संपली असं नसतं. बुडाशी लाकडाची गाठ असते, तिच्यात अन्न साठलेलं आणि डोळे निजलेले. पावसाचा शिंतोडा पडला की पसाभर तांबूस फुटवे वर. दादा टिकाव घेऊन एकेक बुडखा खणत राहिला. एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

असो. लावायचीच असेल तर वरच्या माळावर लाव, जिथे कुळीथही धड येत नाही. विहिरीपासून लांब आणि शेजाऱ्याच्या बांधापासूनही; भावकीत एक भांडण पुरे आहे. रोप घेताना एखादी पिशवी फाडून बघ. मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतील तर सगळा लॉट परत कर, तसली झाडं पुढे वाऱ्याने उन्मळतात. पानाच्या देठावर आणि मधल्या शिरेवर गाठी दिसल्या तरी घेऊ नकोस; ते एका बारीक गांधीलमाशीचं काम, २००१ च्या सुमाराला दक्षिणेत दिसली ती. पहिला चांगला पाऊस झाला की तीन बाय दोन मीटरवर लावून टाक.

पहिल्या उन्हाळ्यात नीलगिरीलाही पाणी लागतं, हे मामाला कोणी सांगितलं नसेल. आठवड्या-दहा दिवसांनी एकदा, पण आळं भरून. रोज घोटभर दिलंस तर मुळं वरच रेंगाळतील. बुडाजवळचं गवत काढ, पाचटाचं आच्छादन कर पण ते खोडाला चिकटू देऊ नकोस, आणि वाळवीवर नजर ठेव. झाड मोठं झालं की बघशील, पानं खाली लोंबतात आणि उन्हाला कड दाखवतात, त्यामुळे सावली विरळ. त्या विरळ सावलीतही चिमीचा झोका बांधायचा नाही. वारा पडलेला असतानाही भर उन्हाळ्यात या झाडाची जाड फांदी सुटून खाली येते.

आणि विहीर. पुन्हा तेच लिहितोय म्हणून हसशील. हस.

मामाने आणखी एक सांगितलं, तू हल्ली कोणाशी बोलत नाहीस. डाळिंबाच्या कर्जाचा आकडा वहिनीला सांगितला नसशील, काकाला सांग. पेन्शनीतून थोडंफार बाजूला पडलंय आणि त्याला दुसरा वारस नाही. नीलगिरीचे पैसे यायला चार-पाच वर्षं जातात, तोवर घर कसं चालवायचं ते दोघं मिळून बघू. पुढच्या रविवारी काका-काकू येताहेत. पुरणाचा घाट घालू नका, पिठलं-भाकरी पुरे. खड्डे खणायला घेतले असलेस तर काकाला आधी माळावर ने. गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या खांद्याला धरून चढेल.

वहिनीला नमस्कार, चिमीला पापा.

तुझा
काका