तीन हातांचें एक गाणें

घरांतील गाणें अर्ध्यावर थांबलें तर तें पुढें कोणीं म्हणावें? अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथील टिळक कुटुंबाकडे पाहूं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. परक्या चालींहून अभंग व भजन आपल्या लोकांच्या हृदयास अधिक भिडतें, हें त्यांनीं जाणलें. त्यांनीं आरंभिलेलें ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ १९१९ सालीं त्यांच्या निधनानें ११ व्या अध्यायापाशींच खुंटलें. लहानपणीं शाळेचें तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनीं पुढील ६४ अध्याय रचिले. १९३६ सालीं त्याही निवर्तल्या. तेव्हां शेवटचा ७६ वा अध्याय पुत्र देवदत्त यांनीं लिहिला. वडिलांची पहिली ओवी अशी मुलाच्या हातून पूर्णतेस गेली. आपल्या घरींही वडील माणसांचीं गाणीं असतील. तीं आम्ही आजच शिकून घेऊं या.