फॉर्मवरचा ‘लिंग’ रकाना : प्रश्न विचारायचा कसा?



प्रवेश अर्ज, शिष्यवृत्ती, शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण... वर्षभर आपण कागदच भरत असतो. त्यातला ‘लिंग’ हा रकाना मात्र समोरच्याकडे बघून, न विचारताच भरून टाकतो. त्यात काय विचारायचं, असं वाटते. पण सगळा घोळ तिथेच आहे.

2011 च्या जनगणनेत पुरुष 1, स्त्री 2 आणि त्यासोबत ‘इतर’ 3 असा संकेतांक होता. देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 नोंदी ‘इतर’मध्ये आल्या. ही तृतीयपंथीयांची मोजणी नव्हे, हे जनगणना विभागानेच स्पष्ट केले आहे. ज्याला 1 किंवा 2 नको, तो 3 मध्ये गेला. कित्येक तृतीयपंथीयांनी 1 किंवा 2 च सांगितले असेल. आता पाहा, या नोंदींपैकी 54,854 नोंदी 0 ते 6 वयाच्या बालकांच्या होत्या. तीन वर्षांचं लेकरू काय उत्तर देणार? उत्तर घरच्या मोठ्यांचे होते. म्हणून प्रश्नाआधी ठरवा, उत्तर कोण देणार आहे.

2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली, 2019 मध्ये कायदा आला. पण नुसता तिसरा चौकोन छापून काम होत नाही. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत विचारले होते की, तुमची लिंग-ओळख जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळते का? 2 लाख 62 हजार लोक ‘नाही’ म्हणाले. नंतर लक्षात आले की इंग्रजी कच्ची असलेल्या काहींना प्रश्नच समजला नसावा. 2024 मध्ये त्या आकडेवारीचा ‘मान्यताप्राप्त’ हा दर्जा गेला. एवढी मोठी यंत्रणा, आणि अडली वाक्यापाशी!

आपल्या मराठीत तर अडचण आणखीच आहे. ‘लिंग’ म्हटले की वर्गात खसखस पिकते, आणि व्याकरणाच्या तासाचे नपुंसकलिंग आठवून पोरं नको ते बोलतात. शिवाय आपली क्रियापदेच लिंग सांगतात. ‘तू शाळेत कसा येतोस?’ असे छापले की प्रश्न मुलाचाच झाला, मुलगी बाहेर. त्यापेक्षा ‘शाळेत येण्याचे साधन कोणते?’ असे लिहावे. आणि बोलण्यावरून तर ठरवूच नका. आपल्या वऱ्हाडात, अगदी मोझरीतही, बाया ‘मी येतो’ म्हणतात. पुण्याहून आलेला सर्वेक्षक चक्रावेल.

माझं मत सांगते. सरकारी नमुन्यात आहे तो रकाना पालकांना विचारून भरावा. शाळेच्या स्वतःच्या सर्वेक्षणात, खासकरून पाचवीपर्यंत, गरज नसेल तर हा प्रश्न घेऊच नये. स्वच्छतागृहाची माहिती हवी ना? मग ‘तिथे जायला तुला भीती वाटते का?’ हेच विचारा. ज्याच्यासाठी आपण धडपडतो ते लेकरूही त्यात आपोआप येते. मोठ्यांसाठी मात्र स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, ‘माझ्या शब्दांत’ म्हणून कोरी ओळ आणि ‘सांगायचे नाही’ एवढे पर्याय असू द्या. ‘इतर’ नको. इतर म्हणजे उरलेसुरले, असेच ऐकू येते.

आणि कागद गोळा झाल्यावर तक्ता फळ्यावर किंवा पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. 28 मुलांच्या वर्गात तिसऱ्या रकान्यात ‘1’ दिसला, की नाव न लिहिताही गावाला ते लेकरू कोण हे कळते. अशा वेळी वर्गाचे आकडे वेगळे न दाखवता सगळ्या शाळेची एकच बेरीज लिहा.