संगमाच्या अलीकडे

देवबाग, कार्तिक शुद्ध नवमी

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

तुझा बाबा काल फोनवर सहज म्हणाला, "सानी पौर्णिमेला सकाळी नेरूरपारहून कयाक घेऊन निघतेय, थेट तुझ्या दारात!" त्याला कौतुक. माझी झोप उडाली. त्यात तुझा तो फोटो. लाइफ जॅकेट अंगात नाही, कयाकच्या मागे दोरीने बांधलेलं. ते काय कयाक बुडू नये म्हणून?

आजोबांचा हिशोब विसरलीस ना? तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे सकाळभर पाणी समोरून चढत येणार आणि ओहोटी लागणार ऐन दुपारी, तीही उधाणाची. समुद्रावरचा वारा सुटतो तोही तेव्हाच. कर्लीचं पाणी बाहेर ओढतं, वारा आत रेटतो आणि संगमावर वाळूपाशी लाटा उभ्या राहतात. नेमकी तिथे तू पोचणार, हात गळून गेलेले असताना. घर उजवीकडे मागे पडेल आणि समोर नुसता समुद्र. खडकवासल्याला शिकलीस, चांगलं केलंस. पण धरणाच्या पाण्याला अशी ओढ नसते गं.

संगमापर्यंत यायचं नाही. आपल्या धक्क्याला लागायचं. हे मी तीनदा लिहीन.

तुझा बाबा त्या वाटेने होडीतून यायचा. मुलीने वल्ह्याला हात लावला की आई ओरडायची, म्हणून मी घरी बसून त्याचे ओले कपडे पिळायचे. कांदळवनात खंड्या किती जवळून दिसतो ते त्यालाच ठाऊक. मी एवढी देवबागची, पण नेरूरपारची कर्ली पाहिली ती एसटीच्या खिडकीतून, पुलावरून. तेव्हा हट्ट धरायला हवा होता, असं अजून वाटतं.

रागावले खरी. येऊ नकोस असं नाही म्हणत. पौर्णिमा जाऊ दे, वद्य अष्टमीला ये. आठाची पाऊणपट सहा. उजाडताच निघालीस तर ओहोटीच तुला घेऊन येईल, भांगाची असते, फार ओढत नाही. वारा सुटायच्या आत जेवायला घरी. संगम आपण संध्याकाळी चालत जाऊन बघू.

दोन माणसांची कयाक मिळते का गं? आदल्या रात्री मी कुडाळला मुक्कामाला येते. साडी चालायची नाही, तुझी एखादी ट्रॅकपँट आण. गुडघा अजून वाकतो. जॅकेटं दोन घे. आणि बाबाला इतक्यात सांगू नकोस, ओरडेल.

तुझी,
आत्या