सरासरीचा माणूस आणि वैमानिकाचे आसन

इतिहास केवळ राजांचा आणि लढायांचा नसतो. माणसाने माणसासाठी घडविलेल्या वस्तूंचाही असतो. लढाऊ विमानातील वैमानिकाचे आसन ही अशीच एक अभ्यासण्याजोगी वस्तू आहे.

कॉकपिटमध्ये जागा अत्यंत अपुरी. वैमानिकाची नजर काचेबाहेर पोहोचली पाहिजे, हात दांड्यापर्यंत व पाय पेडलपर्यंत गेले पाहिजेत, प्राणवायूचा मुखवटा चेहऱ्याला नीट बसला पाहिजे. संकटकाळी आसनासह बाहेर फेकले जाताना गुडघे कशावरही आदळता कामा नयेत. येथे माप चुकले तर प्राणावर बेतते.

1950 साली अमेरिकी हवाईदलाने चार हजारांहून अधिक विमानकर्मचाऱ्यांची शरीरमापे घेतली. ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन तळावरील तरुण संशोधक गिल्बर्ट डॅनियल्स यांनी त्यांपैकी 4,063 पुरुषांची दहा मापे तपासली. सरासरीच्या अलीकडे-पलीकडे त्यांनी थोडी सूटही ठेवली. उंचीने सरासरीत बसणारे 1,055 जण निघाले. त्यांतील छातीच्या घेरानेही बसणारे 302, आणि त्यांतून बाहीच्या लांबीनेही बसणारे केवळ 143 उरले. दहाव्या मापाअखेर एकही उरला नाही! 1952 च्या त्यांच्या अहवालाचे सार हेच की, 'सरासरीचा माणूस' अस्तित्वातच नाही. कारण उघड आहे: उंच माणसाची छाती रुंदच असते किंवा हात लांबच असतात, असे नाही.

यावरचा उपाय माणूस बदलण्याचा नव्हता. साधन बदलण्याचा होता. वर-खाली होणारे आसन, पुढे-मागे सरकणारी पेडल, कमी-अधिक करता येणारे पट्टे ही त्या विचाराची उदाहरणे होत. एका सरासरीऐवजी लहानात लहान ते मोठ्यात मोठ्या मापांचा पल्ला लक्षात घेऊन आराखडा करावा, हे तत्त्व रूढ झाले.

तथापि, त्या मोजणीत स्त्रिया नव्हत्या, ही गोष्ट आपण विसरू नये. ज्यांना मोजले जात नाही, त्यांच्या मापाचे आसनही घडत नाही. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या अनेक स्त्रियांना दूर ठेवणारी उंचीची सरसकट अट अमेरिकी हवाईदलाने 2020 साली काढून टाकली. मधली सत्तर वर्षे हाही इतिहासच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या वर्गातील प्रत्येकाची उंची, बसल्यावरची उंची आणि हाताची लांबी मोजून तक्ता करा. तिन्ही मापांत सरासरीचे किती भरतात ते पाहा, आणि मग आपण बसतो तो बाक नेमका कोणाच्या मापाचा आहे, याचा विचार करा.